दुपारचे आकडे

“श्वास लागला म्हण. एवढंच तर म्हणायचंय.”

“नाही लागला.”

“नसेल लागला. म्हणायला काय जातं?”

“दादा, जे झालंच नाही ते झालं म्हणून सही कशी करू?”

“सगळे करतात तशी. मी तीस वर्षं बस चालवली. उशीर झाला की डेपोत लिहून द्यायचो, टायर बसलं. एवढी टायरं बसली माझी, की बस चाकांवर चालते का माझ्या थापांवर, तेच कळेनासं झालं होतं. कुणाचं काय बिघडलं?”

“टायर काही उलटून सांगायला आलं नाही, म्हणून.”

“आणि तुझी पानं येणार आहेत वाटतं सांगायला.”

“पानांनीच तर सांगितलंय.”

दादा तावातावाने उठला, पण खोली त्याच्या रागाला पुरली नाही. दोन पावलांत खिडकी आली, तसा तो मागे वळला. कोको संशोधन केंद्राच्या मागच्या अंगाला कर्मचाऱ्यांच्या अशा आठ खोल्या होत्या, एकीला एक चिकटून. त्यामुळे भांडायचं तेही हळू आवाजात. टेबलावर चहाच्या रिकाम्या कपाखाली एक कागद दाबून ठेवलेला होता. टाइप केलेला, तीन ओळींचा. ‘रोपांच्या दुपारच्या नोंदी घेताना माझा श्वास अनवधानाने यंत्रात गेल्यामुळे सदर नोंदी चुकीच्या आल्या आहेत. त्या ग्राह्य धरू नयेत.’ खाली एक रेघ, रेघेखाली तिचा हुद्दा. रेघेवर काही नाही. तीन दिवस झाले, काहीच नाही.

“उद्या दहाला साहेब हा कागद मुख्य कार्यालयात पाठवणार,” दादा म्हणाला. “उद्यापासूनच वाटप आहे. सही झाली तर मला आठशे नवी रोपं, शिवाय माझ्या सगळ्या उताराला पुरेल एवढी सावलीची जाळी. नाही झाली तर तिथं काय उरलंय ते तू बघून आलीयेस.”

तिने कागद कपाखाली आणखी आत सरकवला.

“कुणाच्या सांगण्यावरून लावली होती गं, छोटे?”

हे त्याने ओरडून विचारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्याने हळूच विचारलं.

चौपन्न वर्षांच्या बाईला छोटे म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. बाकी सगळे तिला चिमटेबाई म्हणत. बाहेरच्या माणसाला ते आडनावच वाटायचं. एकदा पोस्टमनने ‘श्रीमती चिमटे’ अशी हाक मारली, तेव्हा तिने ‘ओ’सुद्धा दिली. नाव पडलं ते यंत्रावरून. खांद्याला अडकवायची एक पेटी, पेटीतून निघालेली नळी, आणि नळीच्या टोकाला एक पारदर्शक चिमटा. त्या चिमट्यात रोपाचं जिवंत पान धरायचं, तोडायचं नाही. दोन मिनिटं थांबायचं. पेटीवर आकडा नाचतो, नाचतो, मग स्थिरावतो. पान त्या घडीला हवेतून किती खातंय, त्याचा तो आकडा.

बावीस वर्षांपूर्वी ती केंद्रात पिशव्यांमध्ये माती भरायला लागली होती. यंत्र नवीन आलं तेव्हा त्या काळच्या मोठ्या बाईंनी सगळ्या बायकांना रांगेत उभं केलं आणि म्हणाल्या, न हलता कोण उभं राहू शकतं? सगळ्या हसल्या. ही हसली नाही, म्हणून हिची निवड झाली.

मोठ्या बाईंनी तिला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. पान हवा खातं आणि उन्हावर ती शिजवतं. आपण जो श्वास सोडतो ना, तो म्हणजे पानाचं आयतं जेवण. तुझा श्वास नळीत गेला की आकडा वेडा झालाच म्हणून समज. तेव्हापासून चिमटेबाई वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभी राहू लागली. पेटीत हवा ओढणाऱ्या दुसऱ्या नळीचं तोंड तिने उंच काठीला बांधलं. आकडा स्थिरावायला लागला की ती मान वळवायची, श्वास रोखायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून आकडा टिपायची. ही सवय इतकी अंगात मुरली, की दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, मोठा श्वास सोडा, तर हिने आधी पंखा कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं.

आत्ताचा साहेब तिच्याच हाताखाली शिकला होता. शिकाऊ म्हणून आला तेव्हा मिसरूड नीट फुटलं नव्हतं, पण बोलणं असं की जणू झाडं त्यानेच निर्माण केली. “तोंड तिकडे करा,” ती त्याला म्हणायची. “का, माझ्या तोंडाला वास येतो?” तो विचारायचा आणि हसायचा, आणि त्या हसण्याने आकडा टुणकन वर उडायचा. “बघा,” ती म्हणायची, “तुमचा विनोद यंत्रालासुद्धा पचत नाही.” मग तोही शिकला. तिच्याइतका नाही, पण शिकला.

साहेब झाल्यावर त्याने एक प्रश्न हाती घेतला. कोकोच्या कोवळ्या रोपाला सावली लागतेच का? जुनी माणसं आधी केळी लावत, केळीची सावली झाली की मग कोको. त्यात अख्खं वर्ष जाई. जाळी बांधावी तर तो वेगळाच खटाटोप. सावलीशिवाय भागलं तर साहेबाचं नाव होणार होतं. म्हणून दोन वाफे केले. एकावर निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी, दुसरा उघडा. आणि तीन वर्षं चिमटेबाई रोज आठ, नऊ आणि दहा वाजता पानं मोजत राहिली.

अकराला यंत्र कपाटात जायचं. कपाटाची किल्ली भांडारवाल्याकडे, आणि भांडारवाला साडेअकराला डबा उघडायचा तो दोनपर्यंत कुणाचा नसायचा. म्हणून रजिस्टरात रकाने तीनच. कपाटाची जी वेळ, तीच विज्ञानाची वेळ होऊन बसली, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तिलाही नाही. शिवाय दर सोमवारी माळी उघड्या वाफ्यातली करपलेली रोपं उचलायचा आणि तिथे ताजी ठेवायचा. कुणी सांगितलं होतं म्हणून नाही, वाफा नीट दिसावा म्हणून. रजिस्टरात त्याचाही रकाना नव्हता.

सकाळचे आकडे तर लख्ख होते. उघड्यावर सहा, जाळीखाली चार. पुस्तिका छापली गेली: ‘कोवळ्या कोकोला सावली नको’. दादा त्याच सुमारास निवृत्त झाला होता आणि गावाबाहेरच्या उतारावर केळीचे कंद आणून टाकत होता. हीच धावत गेली होती त्याच्याकडे.

“दादा, केळीबिळी राहू दे. वर्ष फुकट जाईल. सरळ कोको लाव.”

“उन्हात?”

“सहा आणि चार. मी मोजलंय, दुसऱ्या कुणी नाही.”

“मग झालं तर,” दादा म्हणाला. त्याने त्याच संध्याकाळी कंद शेजाऱ्याला देऊन टाकले.

सहा महिने सगळं ठीक चाललं. मग हवा कोरडी झाली आणि उतारावरून दुपारचा वारा सुटायला लागला. ती रविवारी जायची ती नेहमी संध्याकाळी, चहाला. त्या वेळी पानं जराशी फिकट वाटायची, इतकंच. एका बुधवारी वहिनीचा निरोप आला, दुपारी या. दुपारीच या.

ती गेली तर ओळीच्या ओळी माना टाकून उभ्या. पानांच्या कडा जळक्या कागदासारख्या, मध्यभागी पिवळट पांढरे डाग. तिने खाली बसून बोट मातीत खुपसलं. माती ओली होती. दादाने खांद्यावर पाणी वाहून घातलं होतं, रोज, आठशे रोपांना. मुळाशी ओल आणि पानात शोष. वहिनी बांधावर उभी होती, पदर डोक्यावर ओढून.

“वन्सं,” ती म्हणाली, “तुमच्या यंत्राला आणा ना एकदा. आम्हाला मेलं वाचता येत नाही, नुसतं दिसतं.”

त्यानंतर वहिनी तिच्याशी बोलली नाही.

दुसऱ्याच दिवशी चिमटेबाई भांडारवाल्यासमोर उभी राहिली. त्याने डब्यातून मान वर केली.

“दुपारी कशाला हवंय यंत्र? दुपारी पानंसुद्धा झोपतात, बाई.”

“झोपतात का तेच बघायचंय.”

“मग हळू जा. उठवू नका.” त्याने किल्ली सरकवली. तिच्या भानगडीपेक्षा त्याला त्याची डुलकी प्यारी होती.

उघड्या वाफ्यात नऊला सहा होता, तोच आकडा बाराला दोनवर आला. एकला अर्धा. सव्वाला उणे. तिला वाटलं, चिमटा सैल झाला. पान बदललं, रोप बदललं, ओळ बदलली. उणे. म्हणजे पान खात तर नव्हतंच, उलट पोटातली साठवण जाळत होतं. मग ती जाळीखाली गेली. तिथे दीडला साडेतीन. दोनला तीन. धिम्या, पण न थकणाऱ्या बाईसारखी ती पानं दिवसभर आपलं काम करत होती. संध्याकाळी वाफ्याच्या कडेला बसून तिने दिवसभराची बेरीज केली, दोनदा केली. जाळीवाली पुढे होती. चांगलीच पुढे.

आणि तिला सगळं कळलं. हवा कोरडी झाली की पान आपल्या पाठीवरची बारीक, डोळ्यांना न दिसणारी तोंडं मिटून घेतं, अंगातलं पाणी उडू नये म्हणून. तोंडं मिटली की खाणं बंद. पण ऊन थोडंच थांबतं? ते धगधगतच राहतं. चूल पेटलेली आणि वरचं भांडं रिकामं. दुसरं काय होणार, भांडंच जळणार. कोवळ्या रोपाचं भांडं तर पातळ पत्र्याचं. सकाळी सगळ्यांशी गोड बोलणारी माणसं असतात, तशी ही पानं. तीन वर्षं ती त्यांना फक्त सकाळी भेटत आली होती.

एकेचाळीस दिवस तिने स्वतःचं जेवण सोडून दुपारचे आकडे घेतले. वहीत घड्याळ, ऊन, वारा, सगळं लिहिलं आणि वही साहेबापुढे ठेवली.

साहेबाने पानं उलटली. “हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं, बाई?”

“कुणी नाही.”

“योजनेत दुपार नाहीये.”

“दिवसात आहे, साहेब.”

साहेबाला हसू आलं, आणि क्षणभर तो तोच जुना शिकाऊ पोरगा दिसला. मग हसू मावळलं. “पुस्तिका गेली. बाराशे घरांना रोपं द्यायची ठरली. जाळी मंजूर नाही, म्हणूनच तर एवढी रोपं मंजूर झाली. आता मी वर जाऊन सांगू, माफ करा, आम्ही जेवायला गेलो होतो?”

“हो. तेच सांगा.”

“ठेवा वही. बघतो.”

त्याचं ‘बघतो’ तिला पाठ होतं. छत गळत होतं तेव्हाही तो चार पावसाळे बघत होता. महिनाअखेरीला नेहमीप्रमाणे सकाळच्या नोंदींचा लिफाफा मुख्य कार्यालयाला गेला, तेव्हा तिने त्यात दुपारच्या नोंदींची नक्कल घातली. हळूच, तळाशी. बावीस वर्षांत तिने केलेली ही एकमेव आगळीक. पंधरा दिवसांत उत्तर आलं: सोबतच्या नोंदींबाबत खुलासा करावा.

खुलासा म्हणजे हा टेबलावरचा कागद.

“श्वास?” तिने साहेबाला विचारलं होतं. “तुम्ही हे लिहिताय? श्वास लागला तर आकडा उड्या मारतो, हे तुम्ही स्वतः बघितलंय. हा एकेचाळीस दिवस खाली मान घालून बसलाय.”

“मला माहितीये.”

“मग?”

“वरच्यांना माहीत नाहीये. त्यांना कारण हवंय, बाई. ते खरं असावं असा त्यांचा आग्रह नाही.” मग आवाज बदलून म्हणाला, “तुमच्या भावाचं कळलं मला. वाईट झालं. एक करता येईल. त्यांच्या उतारावर केंद्राचं प्रात्यक्षिक दाखवू. रोपंही आपली, जाळीही आपली. प्रात्यक्षिकाला मंजुरी लागत नाही.”

एवढं बोलून तो थांबला नाही. त्याने दादाला निरोपही धाडला. साहेब झाडांचा जाणकार असेल-नसेल, माणसांचा होता.

आणि म्हणून दादा आज खोलीत उभा होता.

“बाकीच्या बाराशे घरांचं काय?” तिने विचारलं.

“त्यांना बहीण आहे केंद्रात? मला आहे. तुझ्या शब्दावर ते नाही गेले, मी गेलो.”

“ते पुस्तिकेवर जातील. पुस्तिकेतले आकडे माझेच आहेत.”

“मग आधी माझं निस्तर.” दादा पुन्हा स्टुलावर बसला. त्याचे तळवे तिला दिसले, पाण्याच्या डब्यांच्या कड्यांनी कापलेले. “मी साठीचा झालो. झाड धरायला चार वर्षं. आणखी दोनदा चुकायला माझ्याकडे वेळ नाही गं. तुझी वहिनी रोज दुपारी जाऊन त्या काड्यांपुढे बसते. बोलत नाही, रडत नाही. नुसती बसते.”

“दादा, तुला तरी पटलंय ना? ते आकडे खरे आहेत हे?”

“न पटायला काय झालं? डोळ्यांदेखत जळलंय माझं.” त्याने कप उचलून कागद मोकळा केला आणि तिच्या बाजूला सरकवला. “पटलंय म्हणून तर जाळी मागतोय.”

तिला हसावं की रडावं कळेना. तिचं म्हणणं खरं आहे अशी पुरती खात्री असलेला जगात एकच माणूस होता, आणि ते खोटं आहे असं लिहून दे म्हणून तोच हात जोडत होता.

जाताना तो दारात म्हणाला, “वहिनीने सांगितलंय, सही झाली की वन्संना जेवायला घेऊन या.”

सकाळी दहाला पाच मिनिटं असताना ती साहेबाच्या खोलीत गेली. खिडकीतून आवारात लागलेली रांग दिसत होती. बायका, पुरुष, हातगाड्या, खोकी. रोपं ट्रेमध्ये मांडलेली, सकाळच्या उन्हात टवटवीत, लाडात आल्यासारखी. आणि कडेला एक टेम्पो. त्यात हिरव्या जाळीचे गठ्ठे चढत होते.

साहेबाने पेन पुढे केलं. तिने कागद पुन्हा वाचला.

“यातला एक शब्द काढता येईल?”

“कुठला?”

“अनवधानाने. बावीस वर्षांत माझं तसं एकदाही झालं नाही. मुद्दाम लिहा हवं तर.”

“मुद्दाम लिहिलं तर नोकरी जाईल, बाई.”

“म्हणजे बेसावध होते असं म्हटलं तर राहते.”

“हो.”

तिने सही केली. अक्षर नेहमीसारखंच, रजिस्टरातल्यासारखं, सरळ. साहेबाने शाई वाळायची वाट पाहिली. तिची वही त्याने खणात टाकली आणि खण लावला.

“आणि आता दुपारी किल्ली मागू नका भांडारातून.”

“नाही.”

“तुम्ही समजूतदार आहात.”

“हे कागदावर नका लिहू,” ती म्हणाली आणि बाहेर आली.

आवारात दादा टेम्पोवर चढून दोर आवळत होता. खूप दिवसांनी त्याच्या हालचालीत पूर्वीचा ड्रायव्हर दिसला. त्याने तिला पाहिलं, हात वर केला. पुढच्या सीटवर बस, असं खुणेने सांगितलं. ती टेम्पोकडे निघाली, तोच रांगेतली एक बाई आडवी आली. पन्नाशीची, रापलेली, कडेवर धरावं तसं रोपांचं खोकं कमरेवर धरलेली. काखेत पुस्तिका.

“तुम्हीच ना त्या? पानं मोजता त्या?”

“हो.”

“मला तिथल्या माळ्याने सांगितलं, त्यांनाच विचारा, त्यांचा हात चुकत नाही.” बाईने खोकं दुसऱ्या कमरेवर घेतलं. “यात लिहिलंय, सावली नको. माझा मुलगा म्हणतो, छापलंय म्हणजे बरोबर असणार. पण आमच्या रानात दुपारचा वारा फार हो. दोरीवरचं धुणं अर्ध्या तासात वाळतं. म्हणून म्हटलं, विचारून घ्यावं. लावू ना अशीच?”

चिमटेबाई रोपांकडे बघत राहिली. खोक्यात तीस होती. पानं पुरती उघडली होती.

दादाच्या हातातला दोर थांबला. तो टेम्पोवरून बघत होता, बाईकडे नाही, बहिणीकडे. साहेबही व्हरांड्यात येऊन उभा होता.

बाईने तिच्या नजरेचा माग काढला, टेम्पोकडे पाहिलं, जाळीच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडली. रागाची नव्हे. साधी, हिशेब न जुळणाऱ्या माणसाची.

“नको असते ना सावली?” तिने विचारलं. “मग त्या भाऊंना कशाला हो ती?”

दादाने मान खाली घातली आणि आधीच बसलेली गाठ पुन्हा आवळायला घेतली.

“बाई?” त्या बाईने म्हटलं. “अहो, बाई.”

चिमटेबाई टेम्पोपाशी गेली नाही. ती रांगेच्या कडेने चालत राहिली, रोपांच्या ट्रेंना आपला पदर लागू न देता. फाटकाचा आडणा तिने स्वतःच वर केला आणि रस्त्यावर निघून गेली.